पुण्याच्या उन्हाळ्यात कुठली क्राफ्ट बिअर घ्यावी

एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की मी यादीत आधी अल्कोहोलचा आकडा बघतो. पाच टक्क्यांच्या वर जात नाही. आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर उन्हात डोकं धरते. काळी, जड स्टाउट बिअर पावसाळ्यासाठी ठेवा.

नवख्याने गव्हाच्या बिअरपासून सुरुवात करावी. बेल्जियन विटमध्ये संत्र्याची साल आणि धणे असतात, म्हणून ती हलकी लागते. जर्मन हेफेवायझेनला केळ्याचा, लवंगेचा वास येतो, पण त्यात केळं नसतं. ती सगळी यीस्टची करामत.

माझा जीव मात्र गोझवर. जर्मनीतल्या गोस्लार गावच्या गोझ नदीवरून नाव पडलेली ही आंबटसर बिअर, त्यात मीठ आणि धणे. कोकम सरबत आवडणाऱ्याला ती पहिल्या घोटातच कळते. घामाने जीव सुकलेला असताना ते मीठ फार बरं वाटतं.

मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जिथे जागेवरच बिअर बनते तिथे, आधी चवीपुरती मागा, आणि केग (बिअरचं पिंप) कधी उघडला तेही विचारा. ग्लास फ्रीझरमधला नको: अतिथंड बिअरची चवच कळत नाही. पाच-सहा अंश पुरे. प्रत्येक ग्लासाबरोबर तेवढंच पाणी प्या, आणि घरी जायला रिक्षा करा.