रिस्क-फाइव्ह कर्नलमधले मिसअलाइन्ड ट्रॅप: या चुका टाळा

रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर चार बाइटचा लोड (मेमरीतून वाचन) ४ ने भाग न जाणाऱ्या, म्हणजे मिसअलाइन्ड पत्त्यावर आला आणि हार्डवेअरला तो झेपला नाही, की ट्रॅप उठतो: चालू काम थांबून ताबा लिनक्स कर्नलकडे किंवा फर्मवेअरकडे जातो. कारण सांगणाऱ्या एस-कॉज रजिस्टरमध्ये लोडसाठी ४, स्टोअरसाठी (मेमरीत लिहिण्यासाठी) ६. तो मेमरीचा पत्ता बहुधा एस-टीव्हॅल रजिस्टरमध्ये मिळतो, इन्स्ट्रक्शनचा पत्ता एस-ईपीसीमध्ये. हँडलरने, म्हणजे ट्रॅप हाताळणाऱ्या कोडने, तेच काम बाइट-बाइट करून पुढे जायचं. ऐकायला सोपं आहे, पण बहुतेक हँडलर इथेच चुकतात.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे पुढच्या इन्स्ट्रक्शनवर जाताना एस-ईपीसीत डोळे झाकून ४ मिळवणं. कॉम्प्रेस्ड (आखूड केलेलं) इन्स्ट्रक्शन २ बाइटचं असतं. इन्स्ट्रक्शनचे खालचे दोन बिट ११ असतील तर ४ मिळवा, नाहीतर २. हे चुकलं की पुढचं एक इन्स्ट्रक्शन गिळलं जातं आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळतो.

याच्याच पोटात दुसरा सापळा आहे. कॉम्प्रेस्ड कोडमुळे ४ बाइटचं इन्स्ट्रक्शनही २ च्या सीमेवर बसू शकतं. ते एका ३२-बिट लोडने वाचायला गेलात तर हँडलरच्या आतच पुन्हा मिसअलाइन्ड ट्रॅप येईल. आधी १६ बिट वाचा, लांबी ठरवा, मग लागले तर पुढचे १६. हे दोन अर्धे मेमरीच्या दोन वेगळ्या पानांवरही (पेजवरही) असू शकतात.

डीकोड करताना चिन्हाचा विस्तार विसरू नका. आरव्ही६४ (६४-बिट रिस्क-फाइव्ह) वर एलएच (२ बाइटचा लोड) आणि एलडब्ल्यू (४ बाइटचा) चिन्हासकट ६४ बिटांपर्यंत वाढतात, त्यांची बिनचिन्ह रूपं एलएचयू आणि एलडब्ल्यूयू शून्यांनी. हे चुकलं तर ऋण संख्या आली की मगच बग दिसतो. लक्ष्य एक्स० (कायम शून्य असणारं रजिस्टर) असेल तर काहीही लिहायचं नाही.

यूझर प्रोग्रामचा पत्ता थेट पॉइंटरने वाचू नका, कर्नलचं कॉपी-फ्रॉम-यूझर फंक्शन वापरा. स्टोअर दोन पानांवर पसरला असेल तर दोन्ही पानं लिहिण्याजोगी आहेत का ते आधी बघा. अर्धा स्टोअर होऊन दुसऱ्या पानावर फॉल्ट आला, तर मेमरीत जुन्या-नव्याची सरमिसळ राहते.

काही ठिकाणी एम्युलेशन करूच नये. एएमओ, म्हणजे मेमरीतली किंमत एका अखंड टप्प्यात बदलणारं इन्स्ट्रक्शन, त्याचा ट्रॅपसुद्धा कारण ६ घेऊनच येतो. ते काम बाइट-बाइट केलं की अणुत्व (अखंडपणा) संपतं आणि त्यावर उभं असलेलं लॉक निरर्थक होतं. तिथे प्रोसेसला सिगबस हा चुकीचा सिग्नल द्या, कोड बस-एड्रॲलन (पत्ता मिसअलाइन्ड). डिव्हाइस रजिस्टरचंही तसंच. वाचताच साफ होणारं रजिस्टर चार तुकड्यांत वाचलं तर पहिल्याच वाचनात स्थिती गेलेली असते.

चाचणी फक्त क्यूईएमयू या एम्युलेटरवर करून थांबू नका. तिथे साधे मिसअलाइन्ड लोड ट्रॅपशिवाय पार पडतात, त्यामुळे हँडलर चालतच नाही. खऱ्या बोर्डावर ओपनएसबीआय हे फर्मवेअर एम-मोडमध्ये (कर्नलच्याही वरच्या अधिकार पातळीवर) ट्रॅप पकडून परस्पर निस्तरत असेल, तर कर्नलला पत्ताच लागत नाही. पर्फ या मोजमापाच्या साधनाचा अलाइनमेंट-फॉल्ट्स काउंटर शून्य दाखवतो आणि कोड मात्र रखडतो. कोणते ट्रॅप कर्नलकडे सोपवायचे ते ठरवणाऱ्या मेडेलेग रजिस्टरचे ४ आणि ६ क्रमांकाचे बिट तपासा.

कर्नलमधल्याच कोडमुळे ट्रॅप येत असतील तर दोष हँडलरमध्ये नाही, ड्रायव्हरमध्ये शोधा. इथरनेट हेडर १४ बाइटचा असतो, म्हणून आयपी हेडर ४ च्या सीमेवरून सरकतो. पॅकेटच्या बफरमध्ये एसकेबी-रिझर्व्ह फंक्शनने आधी २ बाइट सोडा. पॅक्ड स्ट्रक्टच्या (सदस्यांमध्ये मोकळी जागा न सोडणाऱ्या स्ट्रक्टच्या) सदस्याचा पॉइंटर बाहेर देऊ नका. जीसीसी कंपायलरच्या आवृत्ती ९ पासून याचा इशारा आपोआप मिळतो, तो बंद करू नका. बफरमधून ३२-बिट आकडा काढायला पॉइंटर कास्टऐवजी गेट-अनअलाइन्ड मॅक्रो वापरा. असे मॅक्रो लिनक्स ६.१२ पासून एएसएम या हेडर फोल्डरऐवजी लिनक्स नावाच्या हेडर फोल्डरमध्ये आहेत, त्यामुळे जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर आणताना ती इन्क्लूडची ओळ बदलावी लागते.