मॉडेल आटलं, पण पेटंट अडकलं: कॉम्प्रेशनच्या अर्जातल्या या चुका टाळा

एआय मॉडेल आटवण्याच्या, म्हणजे कॉम्प्रेशनच्या, शोधावर पेटंट मागणाऱ्यांच्या हातात एफईआर, म्हणजे पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल, पडला की मला फोन येतो. “सर, ४०० एमबीचं मॉडेल ४० एमबीत बसवलं, अचूकता जागची हलली नाही, आणि एक्झामिनर म्हणतात हा नुसता अल्गोरिदम आहे!” अशा वेळी मी आधी एफईआर मागत नाही. दाखल केलेलं स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं लेखी वर्णन, पाठवा म्हणतो. बहुतेक दुखणी अर्ज दाखल झाला त्याच दिवशी जडलेली असतात. एफईआर फक्त ताप मोजतो.

असं का, ते पेटंट कायद्याच्या कलम ५९ मध्ये आहे. अर्ज दाखल झाल्यावर दुरुस्ती करता येते ती काही भाग सोडून देण्यापुरती, चूक सुधारण्यापुरती किंवा खुलासा करण्यापुरती. मुळात लिहिलंच नव्हतं ते मागाहून घुसडता येत नाही आणि सुधारलेल्या क्लेमला (हक्क नेमका कशावर मागतोय ते सांगणाऱ्या वाक्याला) जुन्या क्लेमचं कुंपण ओलांडता येत नाही. “अहो, आमचा कोड वेट्स (मॉडेलने शिकलेले आकडे) मेमरीत वेगळ्या पद्धतीने मांडतो, ते लिहायचं राहिलं” हे एफईआर आल्यावर आठवलं, तर हळहळण्यापलीकडे हाती फारसं काही राहत नाही.

गणित लिहिलं, मशीन विसरलात

सगळ्यात जास्त अर्ज इथे आपटतात. नमुन्याचा क्लेम असा असतो: न्यूरल नेटवर्कच्या प्रत्येक वेटचं महत्त्व मोजायचं, ठरावीक मर्यादेखालचे वेट्स काढून टाकायचे, मॉडेल पुन्हा ट्रेन करायचं. यात संगणकाचं नाव असलं तरी संगणकात काय बदललं, याचा पत्ता नाही. मग कलम ३(के) चा आक्षेप येणारच.

हे कलम नीट वाचणारे कमी. त्यात चार गोष्टी वगळल्या आहेत: गणितीय पद्धत, व्यवसायाची पद्धत, ‘पर से’ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम. ‘पर से’, म्हणजे ‘निव्वळ त्याच रूपात’, ही सूट फक्त प्रोग्रामला जोडलेली आहे. त्यामुळे एक्झामिनरने ‘गणितीय पद्धत’ म्हणून आक्षेप घेतला असताना “आमचा प्रोग्राम पर से नाही” असं उत्तर दिलं, तर ते विचारलं एक आणि सांगितलं भलतंच असं होतं. कॉम्प्रेशनच्या अर्जात तर गणित, प्रोग्राम आणि अल्गोरिदम हे तिन्ही आक्षेप एका परिच्छेदात गुंफून येतात. ते सुटे करा आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर द्या.

उत्तराचा कणा ‘तांत्रिक परिणाम’ हा हवा. फरीद अलानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१९ रोजी हेच सांगितलं: शोध प्रोग्रामवर आधारलेला आहे एवढ्यावरून तो बाद होत नाही, त्यातून तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दिसतं का ते बघा. पण हा निकाल उत्तरात चिकटवला की काम झालं, असं समजणारेही खूप आहेत. निकाल दार उघडतो. आत जाताना हातात काहीतरी लागतं.

ते ‘काहीतरी’ म्हणजे काय? साधा हिशेब करू. तुम्ही निम्मे वेट्स शून्य केले. उरलेल्या प्रत्येक ३२ बिटच्या वेटसोबत तो कुठला हे सांगणारा ३२ बिटचा इंडेक्स ठेवला. जागा किती वाचली? एक बिटसुद्धा नाही. वेट्स आठ बिटचे आणि इंडेक्स १६ बिटचा असेल, तर मॉडेल उलट दीडपट फुगलं! वेळेचंही तसंच. मॅट्रिक्सची मापं तीच ठेवून नुसती शून्यं भरली, तर नेहमीचा गुणाकाराचा कोड शून्यांनाही इमानेइतबारे गुणत बसतो. चिपची मदत मिळायची असेल, तर शून्यं चिपला झेपेल अशा शिस्तीत हवीत. एनव्हिडियाच्या अँपिअर पिढीत २०२० साली आलेली रचना सलग चार वेट्समागे दोन शून्यं मागते. शून्यं भलतीकडे पडली, तर ती सोय बंद.

म्हणून ‘९० टक्के वेट्स काढले’ हा तांत्रिक परिणाम नव्हे. तो परिणाम कुठून येतो ते लिहा: वेट्स वेक्टर रजिस्टरच्या (चिप एका दमात हाताळते त्या आकड्यांच्या कप्प्याच्या) रुंदीएवढ्या गटांत पाडले, अख्खे गट काढले, उरलेले सलग पत्त्यांवर मांडले, गटामागे एकच इंडेक्स ठेवला, इन्फरन्सच्या, म्हणजे मॉडेल प्रत्यक्ष वापरण्याच्या, वेळी काढलेल्या गटांचं मेमरीतून वाचनच टळलं. आता एक्झामिनरला मशीन दिसतं. (हे उदाहरण जसंच्या तसं उचलू नका. गटागटाने प्रुनिंग करणं, म्हणजे वेट्स छाटणं, जुनं आहे. ३(के) मधून सुटाल आणि नावीन्याच्या आक्षेपात सापडाल.)

लहान झालं, पण काम तेच करतंय का?

या चुकीसाठी युरोपातलं एक प्रकरण सांगण्याजोगं आहे. ते आपल्याकडे बंधनकारक नाही, पण हाच प्रश्न इथल्या हिअरिंगमध्येही, म्हणजे पेटंट ऑफिसातल्या सुनावणीत, निघू शकतो. मित्सुबिशीचा अर्ज होता. न्यूरल नेटवर्कच्या थरांमधल्या जोडण्या चूक-सुधार कोडच्या तपासणी मॅट्रिक्सवरून ठरवायच्या, म्हणजे नेटवर्क विरळ होतं आणि मेमरी व आकडेमोड वाचते. युरोपियन पेटंट ऑफिसच्या अपील मंडळाने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, टी ७०२/२० या निर्णयात, तो नाकारला. मंडळाचं म्हणणं थोडक्यात असं: जागा कमी लागते हे मान्य, पण हे नेटवर्क मुळात वेगळं आहे आणि ते पूर्वीच्यासारखं शिकणार नाही. जे तेच काम करत नाही, त्याने जागा वाचवली याला महत्त्व काय?

याचा अर्थ बचत आणि कामगिरी एकाच तक्त्यात, एकाच कामावर, एकाच हार्डवेअरवर दाखवावी लागते. शिवाय ‘कुठलंही डेटा वर्गीकरण’ एवढा ढगळ उद्देश ठेवू नका. मोबाइलवर बोललेलं ओळखायचं आहे, की कॅमेऱ्याच्या चिपवर गाडीची नंबरप्लेट वाचायची आहे? किमान एक-दोन खरे वापर आकड्यांसकट स्पेसिफिकेशनमध्ये हवेत आणि त्यातला एखादा अवलंबी क्लेममध्येही (मुख्य क्लेमला जादा अट जोडणाऱ्या क्लेममध्ये) हवा, म्हणजे वेळ आली तर मागे सरकायला जागा राहते.

हार्डवेअरचा मुलामा आणि परदेशी साचा

“प्रोसेसर आणि मेमरी जोडून टाका” हा सल्ला अजून फिरतोय. पेटंट ऑफिसच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये नवीन हार्डवेअरचा आग्रह होता, २०१७ मध्ये तो काढला गेला, आणि २०२३ मध्ये रेथिऑनच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानेही ती जुनी कसोटी लावणं चुकीचं ठरवलं. २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं पुन्हा नव्याने आली. एफईआरमध्ये नवीन हार्डवेअर मागितलं असेल, तर त्याला ठाम उत्तर द्या. पण सर्वसाधारण प्रोसेसर क्लेमला लटकवल्याने काही सिद्ध होतं, या भ्रमातही राहू नका. क्लेमचं सार बघितलं जातं.

त्याच जातीची दुसरी चूक म्हणजे अमेरिकेतला अर्ज जसाच्या तसा आणणं. ‘सूचना साठवलेलं संगणक-वाचनीय माध्यम’ हा तिथला नित्याचा क्लेम इथे बहुतेकदा प्रोग्रामच्या खात्यात जातो. आणि ‘प्रुनिंग मॉड्यूल’, ‘क्वांटायझेशन युनिट’ (वेट्सचे बिट कमी करणारं) अशी भारदस्त नावं दिली, पण त्यामागे कुठली रचना आहे हे स्पेसिफिकेशनमध्ये नसेल, तर ते युनिट म्हणजे प्रोग्रामच, असंच धरलं जातं.

‘हे आम्हीच पहिल्यांदा केलं’

इंजिनिअर मंडळी प्रायर आर्ट (आधीपासून माहीत असलेलं तंत्र) म्हटलं की गेल्या दोन वर्षांतले पेपर चाळतात. एक्झामिनर मागे जातात. महत्त्व मोजून वेट्स काढायची कल्पना यान लकून आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्येच मांडली होती. मोठ्या मॉडेलकडून छोट्याला शिकवणं २००६ च्या एका पेपरमध्ये आहे आणि हिंटन, व्हिन्याल्स आणि डीन यांच्या २०१५ च्या पेपरने त्याला ‘डिस्टिलेशन’ हे नाव रूढ केलं. त्याच वर्षी साँग हान, हुइझी माओ आणि विल्यम डॅली यांनी प्रुनिंग, क्वांटायझेशन आणि हफमन कोडिंग (वारंवार येणाऱ्या आकड्यांना छोटे कोड देणं) एकापाठोपाठ लावून अ‍ॅलेक्सनेट हे चित्रं ओळखणारं नेटवर्क २४० एमबीवरून ६.९ एमबीवर आणलं. तेव्हा ‘प्रुनिंग अधिक क्वांटायझेशन’ या जोडीला नवं म्हणणं म्हणजे वरण-भाताचं पेटंट मागणं.

एक्झामिनरने पुढे केलेल्या जुन्या दस्तऐवजांना डी१, डी२ म्हणतात. उत्तर देताना “डी१ मध्ये आमची तिसरी पायरी नाही” एवढ्यावर थांबू नका. नावीन्याला ते पुरेल, शोधक पायरीला नाही. डी१ आणि डी२ जोडायचं कोणाला का सुचलं नसतं, जोडलं तर काय बिघडलं असतं आणि तुम्ही ते कसं टाळलंत, हे सांगा. चार बिटवर आणल्यावर अचूकता नेहमी कोसळते, तुमच्या क्रमाने केलं तर कोसळत नाही, असं काही असेल तर तेच तुमचं नाणं. ते पान २३ वर एका ओळीत पुरून ठेवू नका.

अर्धवट सांगणं

मर्यादा ‘अनुभवाने ठरवावी’, कॅलिब्रेशनसाठी ‘योग्य डेटा’ वापरावा, असं मोघम लिहून गुपित राखल्याचं समाधान मिळतं. कलम १०(४) मात्र पूर्ण वर्णन आणि तुम्हाला ठाऊक असलेली सर्वोत्तम रीत मागतं. मर्यादेची पट्टी, किती नमुने, किती एपॉक (ट्रेनिंगच्या फेऱ्या), थरागणिक बिट किती, हे लिहा. आकडे अजून तयार नसतील तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करा, संपूर्ण स्पेसिफिकेशन द्यायला १२ महिने मिळतात. नंतरचे आकडे एफईआरच्या उत्तरासोबत पुरावा म्हणून देता येतात, स्पेसिफिकेशनमध्ये घालता येत नाहीत.

कागदपत्रं

अर्जाआधी पेपर अर्काइव्हवर (arXiv या खुल्या संकेतस्थळावर) टाकू नका, कोड गिटहबवर खुला करू नका. अमेरिकेत वर्षभराची सवलत आहे, आपल्याकडे कलम ३१ ची सवलत विद्वत्सभेत वाचलेला पेपर, अधिसूचित प्रदर्शन अशा मोजक्या प्रसंगांपुरती आहे. टीमचा एक जण पुण्यात आणि एक कॅलिफोर्नियात असेल, तर “आधी तिकडे टाकू” म्हणण्याआधी कलम ३९ बघा: इथे राहणाऱ्या शोधकाला परवानगी हवी, किंवा इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायला हवं. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना तपासणीची विनंती प्राधान्य तारखेपासून (सगळ्यात पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ३१ महिन्यांत करावी लागते, जुने ४८ महिने विसरा. एफईआरनंतर फॉर्म ३ (परदेशातल्या अर्जांची माहिती) अद्ययावत करायला तीन महिने आहेत.

एफईआरच्या उत्तराची सहा महिन्यांची मुदत तो जारी झाल्यापासून मोजतात, तुम्ही मेल उघडल्यापासून नाही. फी भरून मुदतवाढ मिळते, पण तीही हुकली तर अर्ज सोडून दिला असं धरतात. अर्ज नाकारला तर उच्च न्यायालयात अपील आहे, सोडून दिलेल्या अर्जाला ती सरळ वाट नाही.

हिअरिंगला एकटे जाऊ नका

हिअरिंग आता बहुधा व्हिडिओवर होतं. पेटंट एजंटसोबत इंजिनिअरला बसवा, पण त्याला आधी एकच प्रश्न विचारून तयार करा: “तुमची पद्धत चालू असताना मेमरी बसवर (मेमरी आणि प्रोसेसर यांच्यातल्या वाटेवर) काय कमी जातं?” मॉडेलच्या अचूकतेचं कौतुक तो करू लागला, तर त्याला थांबवा. कंट्रोलरनी, म्हणजे निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने, जे विचारलं ते शब्दशः टिपून घ्या आणि लेखी म्हणणं १५ दिवसांत द्या. त्यात प्रत्येक विधानासमोर स्पेसिफिकेशनचं पान आणि परिच्छेद लिहा. ज्या विधानासमोर पान सापडत नाही, ते खोडा.