आई-बाबांना पावागडला नेताना: तयारीची यादी

पाणी, टोप्या, बूट. हे सांगायला नको. रोपवे चालू आहे का, हे आदल्या संध्याकाळी फोन करून विचारा. हे मात्र सांगायलाच हवं, कारण बडोद्यात ज्याला त्याला वाटतं, "पावागड काय, इथेच तर आहे!" आहेच. हालोलमार्गे पन्नासेक किलोमीटर, न्याहारी करून निघालं तरी पोचतो. पण देवी कालिकामाता बसली आहे थेट डोंगराच्या शिखरावर आणि गाडी जाते अर्ध्या वाटेवरच्या माचीपर्यंत. तिथून वर एक तर रोपवे, नाही तर हजारावर पायऱ्या. तिसरी वाट नाही.

हा रोपवे देखभालीसाठी अधूनमधून काही दिवस बंद ठेवतात आणि जोराचा वारा सुटला तर ऐनवेळीही थांबवतात. मागच्या खेपेला मी विचारलं नव्हतं. सासूबाईंनी ओटीचं ताट मांडीवर घेऊन माचीवरूनच कळसाला हात जोडले, आणि परतीच्या वाटेवर गाडीत कोणीही माझ्याशी बोललं नाही. मोबाइलवर दिसते ती रोपवेची नेहमीची वेळ; आज तो चालू आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. फोन करा. निघताना पुन्हा करा.

रोपवे चालू असला तरी घरच्यांना आधीच सांगून ठेवा की तो देवळाच्या दारात सोडत नाही. उतरल्यावर अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेतच. गुडघ्याचे पट्टे, काठी घ्या, आणि बाबा "काठी कशाला?" म्हणाले तरी गाडीत टाका. मधुमेहाची गोळी चालू असेल तर दर्शनापर्यंत उपाशी राहण्याचा हट्ट चालवून घेऊ नका. देवीला चालतं. देवळाच्या आवारात अनवाणी चालावं लागतं आणि उन्हाळ्यात फरशी तापते, तेव्हा जाड मोजे. पावसाळ्यात शिखर ढगात असतं, फार सुंदर दिसतं, पण पायऱ्या निसरड्या होतात. छत्री वाऱ्यात उलटते, रेनकोटच बरा. आणि वारा आहे म्हणजे रोपवेचा प्रश्न आलाच. विचारलंत ना?

नारळ सोललेला नेऊ नका. मंदिर ट्रस्टने 2023 मध्ये त्याला बंदी घातली होती, त्यावरून बरीच ओरडही झाली. आपण शेंडीसकट अखंड नारळ न्यावा, वाद नको. ओटीचं बाकी सामान बडोद्यातल्या मांडवीच्या बाजारातून आदल्या दिवशी आणलेलं बरं.

नवरात्रात वयस्कांना नेऊच नये असं माझं मत. आश्विन असो की चैत्र, खासगी गाड्या पायथ्याशीच अडवतात, माचीला एस.टी.ने जावं लागतं आणि रोपवेची रांग बघूनच पाय दुखतात. मधल्या वारी, सकाळी लवकर जा. पुण्याचे पाहुणे "आम्हाला नवरात्रातच जायचंय" म्हणाले तर त्यांना एकटं जाऊ द्या.

वर पोचल्यावर दर्शन होईपर्यंत घाई करू नका. शिखराचं नवं काम झाल्यावर 2022 च्या जूनमध्ये तिथे ध्वजा चढली. त्यापूर्वी कित्येक शतकं ती चढली नव्हती. बाबांना इतिहासाची आवड असेल तर एवढं सांगा: हा गड गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने 1484 मध्ये घेतला, पुढे मराठ्यांकडे आला, आणि शिंद्यांकडून 1853 मध्ये इंग्रजांनी कारभार घेतला. बडोद्याच्या मराठी माणसालाही हे बहुधा ठाऊक नसतं, सगळे गायकवाडांपाशीच थांबतात. दुधिया तलावापाशी बसायला बरं वाटतं, तिथे दम खाऊ द्या.

उतरताना रोपवेचं परतीचं तिकीट कुणाच्या खिशात आहे ते बघा. पायथ्याचं जुनं शहर चांपानेर 2004 पासून जागतिक वारसा आहे, पण दमलेल्या माणसांना सगळं दाखवू नका. जामी मशीद पुरे, तीही कोणी मागितली तर. हालोलला चहा. रात्रीची खिचडी सकाळीच धुऊन-निवडून ठेवा, घरी आल्यावर कोणाच्यात जीव उरत नाही.