गुडघा दुखतोय? पावलं जवळ टाका

धावताना गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं, जिना उतरताना कळ येते, अशी तक्रार असेल तर नवे बूट घेण्याआधी पाऊल कुठे पडतंय ते बघा. गुडघा जवळपास ताठ ठेवून पाऊल शरीराच्या फार पुढे टाकलं, की दर पावलाला ब्रेक लागतो. तो धक्का पेलताना मांडीचा पुढचा स्नायू वाटीला मागच्या हाडावर दाबतो. (गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा मध्येच दगा देत असेल तर हे प्रयोग नकोत; आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.)

वेग तोच ठेवून पावलं वाढवायची, एवढंच करायचं आहे. दहा मिनिटं धावून अंग मोकळं झालं की उजवं पाऊल 30 सेकंदांत किती वेळा पडतं ते मोजा आणि 4 ने गुणा. 40 भरलं तर केडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, 160. आधी 5 टक्के वाढवा: मेट्रोनोम ॲप 168 वर लावून दर ठोक्याला एक पाऊल. ते अंगवळणी पडलं की 172, फार तर 176. सगळ्यांना 180 च हवा हा हट्ट सोडा. उंची आणि वेगानुसार आकडा बदलतो.

बहुतेकांचं चुकतं ते इथे. ठोका वाढला की वेगही वाढतो आणि केलेलं वाया जातं. किलोमीटरला साडेसहा मिनिटांच्या वेगात 160 वर पाऊल साधारण 96 सेंमीचं असतं, 172 वर 89. फरक जेमतेम 7 सेंमी. ट्रेडमिलवर वेग पक्का राहतो, म्हणून सुरुवात तिथे सोपी जाते.

एक मिनिट नवी लय, तीन मिनिटं नेहमीची, अशा पाच फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. पुढे दर आठवड्याला नव्या लयीचं एकेक मिनिट वाढवा.

मुद्दाम चवड्यावर धावू नका. गुडघ्याचा भार हलका होतो खरा, पण तो पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर जातो, मग तिथे दुखायला लागतं. धड किंचित पुढे झुकू द्या, कमरेत मोडू नका. गुडघे एकमेकांना घासत असतील तर रस्त्यावरचा पांढरा पट्टा दोन पायांच्या मधे ठेवून धावा.

दहापैकी दोन-तीन इतकं दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं नको. वाढलं तर आधी अंतर कमी करा, लय नाही. आणि सध्या उतार चालतच उतरा.