वर्षातला बेस्ट स्टँडअलोन सुपरहिरो अंक कसा निवडायचा

डिसेंबर आला की सगळे बेस्ट कॉमिक्सच्या याद्या काढतात आणि त्यात बहुतेक सिरीजच असतात, अमुक रन (एकाच रायटरने सलग लिहिलेले अंक) भारी होता, तमुक आर्कने (अनेक अंकांत चालणाऱ्या गोष्टीने) रडवलं वगैरे. पण मला विचाराल तर रायटर-आर्टिस्टचा खरा कस लागतो तो एकट्या अंकात. साधारण वीस पानं मिळतात, त्यातच गोष्ट सुरू करायची, संपवायची आणि मागचं काहीच न वाचलेल्या माणसालाही ती भिडली पाहिजे. इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ आणि मांड्रेक मराठीत वाचलेल्या लोकांना ही मजा माहितीये, तिथे बऱ्याच गोष्टी एका अंकात पूर्ण व्हायच्या. अमेरिकन मंथली कॉमिक्समध्ये आता पाच-सहा अंकांचा आर्क आणि मग त्याचं जाड पुस्तक असा प्रकार जास्त, त्यामुळे एका अंकात मिटणारी गोष्ट जरा शोधावीच लागते.

आधी वर्ष कुठून कुठे धरायचं ते पक्कं करा. कव्हरवरच्या महिन्यावर जाऊ नका, तो बऱ्याचदा दोनेक महिने पुढचा असतो. रायटर मार्क वेड आणि आर्टिस्ट पाओलो रिवेराचा डेअरडेव्हिल ७, म्हणजे त्या सिरीजचा सातवा अंक, दुकानात आला डिसेंबर २०११ मध्ये आणि कव्हरवर होतं फेब्रुवारी २०१२. दुकानात कधी आला ती तारीख धरायची, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबायचं, कारण घाईत यादी काढली की असलेच अंक सुटतात. वर्षभर फोनमध्ये नोंद ठेवा, फक्त नाव, नंबर आणि एक ओळ, का आवडला. जानेवारी-फेब्रुवारीत वाचलेलं डिसेंबरपर्यंत डोक्यात राहत नाही आणि मग नुकतं वाचलेलंच बेस्ट वाटतं.

आता स्टँडअलोन आहे का हे कसं बघायचं. मार्व्हलच्या बऱ्याच अंकांत सुरुवातीला मागच्या गोष्टीचा सारांश असतो, तो सोडून थेट गोष्टीपासून वाचा. नंतर घरातल्या अशा कुणाला तरी द्या ज्याने ती सिरीज कधी हातात धरलेली नाही, आणि वाचून झाल्यावर एवढंच विचारा की ह्यात कोणाला काय हवं होतं आणि ते मिळालं का. उत्तर नीट आलं तर अंक पास. ‘हा कोण, हा ह्याच्यावर का चिडलाय’ असे प्रश्न सुरू झाले तर अंक कितीही चांगला असला तरी तो मोठ्या गोष्टीचा तुकडा आहे, त्याला ह्या यादीत घेऊ नका. मोठ्या इव्हेंटचे टाय-इन, म्हणजे अनेक सिरीजमध्ये पसरलेल्या मोठ्या गोष्टीला जोडलेले अंक, बहुतेक इथेच गळतात, आणि पहिले अंकही, कारण त्यांचं अर्धं लक्ष पुढच्या अंकाकडे असतं.

ह्यानंतरचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा: ही गोष्ट ह्याच हिरोची आहे का? तोच डेअरडेव्हिल ७ घ्या. डेअरडेव्हिल म्हणजेच आंधळा मॅट मरडॉक अंध मुलांना घेऊन सहलीला निघतो, बसचा अपघात होतो, बाहेर बर्फाचं वादळ आणि त्या बर्फात त्याचा रडार सेन्स, म्हणजे न बघताही आजूबाजूचं कळण्याची शक्ती, नीट चालतच नाही. ज्या शक्तीवर तो नेहमी उभा असतो तीच गेली, आणि शेवटी मुलांनाच त्याला सावरावं लागतं. व्हिलन नाही, शहर वाचवणं नाही. इथे स्पायडरमॅन टाकून बघा, गोष्टच उरत नाही. २०१२ चं बेस्ट सिंगल इश्यूचं आयझनर, म्हणजे कॉमिक्सचं मोठं अवॉर्ड, ह्याला मिळालं ते अगदी बरोबर झालं. ते अवॉर्ड दरवर्षी सॅन दिएगो कॉमिक-कॉनला देतात, जुने विजेते शोधून वाचा, नजर तयार व्हायला त्यासारखं काही नाही.

मग बघा की गोष्ट सांगायची पद्धत फक्त कॉमिकमध्येच जमेल अशी आहे का. मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहाचा हॉकआय ११ सगळा लकी नावाच्या कुत्र्याच्या नजरेतून आहे, माणसं बोलतात पण त्याला कळणारे शब्द तेवढेच वाचता येतात, बाकी नुसत्या रेघोट्या, आणि कुठल्या माणसाला कसला वास येतो हे छोट्या छोट्या चिन्हांनी दाखवलंय. आधीच्या अंकांतला एक खून ह्यात येतो म्हणून काटेकोर बघितलं तर हा पूर्ण सुटा नाही, पण कुत्र्यालाही अर्धंच कळत असतं त्यामुळे नवा वाचक त्याच्याबरोबरीनेच चालतो. मी ह्याला सूट देतो. तुम्हाला नसेल द्यायची तर नका देऊ, पण नियम सगळ्या अंकांना एकच लावा.

वाचताना एक काळजी घ्या. अॅपमधला एकेक पॅनल मोठा करून दाखवणारा मोड बंद ठेवा. नाईटविंग ८७ मध्ये ब्रुनो रेडोंडोने आख्खा अंक एकच सलग चित्र म्हणून काढलाय, पळवलेल्या कुत्रीच्या मागे नाईटविंग म्हणजेच डिक ग्रेसन पानापानांतून धावतोय, ते तुकड्यांत बघितलं तर काहीच हाती लागत नाही. सिल्व्हर सर्फर ११ तर उलटा-सुलटा फिरवत वाचायचा, शेवट परत सुरुवातीला जाऊन मिळतो, तो जमलं तर कागदावरच वाचा.

लांबीचाही विचार करा, मोठे वन-शॉट (एकच सुटा अंक म्हणून काढलेले) आणि वीस पानांचे मंथली अंक एकाच तागडीत घालणं मला पटत नाही. २०२३ चा आयझनर मिळालेला बॅटमॅनच्या वन बॅड डे मालिकेतला रिडलर ह्या व्हिलनचा अंक ६४ पानांचा होता, तिथे श्वास घ्यायला जागा असते. ह्याउलट १९८३ मधली द किड हू कलेक्ट्स स्पायडरमॅन ही गोष्ट फक्त अकरा पानांची, अमेझिंग स्पायडरमॅन २४८ च्या मागच्या भागात छापलेली, आणि आजही ती वाचून घसा दाटतो. दोन याद्या करा किंवा निदान पानं बाजूला लिहा.

पाचेक अंक उरले की पंधरा दिवस बाजूला ठेवून परत वाचा. ट्विस्टवर चालणारे अंक दुसऱ्यांदा फिके पडतात आणि चांगल्या अंकात तुम्हाला आधी न दिसलेलं काहीतरी सापडतं. दोघांत अडलात तर ज्याच्यातलं एक पान न बघता मित्राला वर्णन करून सांगता येतं तो वर ठेवा. आणि नाव जाहीर करताना रायटर-आर्टिस्टसोबत कलरिस्ट (रंग भरणारा) आणि लेटररही (फुग्यांतली अक्षरं काढणारा) लिहा, हॉकआय ११ मधल्या त्या रेघोट्या आठवा, अक्षरं कुठे थांबवायची हे तिथे अर्धी गोष्ट सांगून जातं.