गाडीच्या मागे पट्ट्यांचा सायकल रॅक लावायचा तर

जळगाव, भुसावळ, धुळं, कुठंही राहा, सायकलवाल्यांचं दुखणं एकच. फिरायला जागा भारी आहेत पण तिथपर्यंत जायचं म्हणजे हायवे. पालचं जंगल आहे, पाटणादेवी आहे, शहाद्याहून म्हसावदमार्गे तोरणमाळचा घाट आहे, पण त्याआधी ५३ नंबरच्या हायवेवर कंटेनरच्या शेजारून पायडल मारायचं, अन् तेही पोरं सोबत असताना, हे काही जमत नाही. त्यापेक्षा सायकली गाडीला बांधायच्या, खिरोद्याला नाही तर चाळीसगावला गाडी लावायची अन् तिथून पुढं सायकल.

छतावरचा कॅरियर चांगला असतो पण सायकल डोक्यावर उचलून चढवावी लागते, अन् घरच्या गेटची कमान, झाडाची फांदी हे सारखं लक्षात ठेवावं लागतं. टो हुकवर (गाडीमागे ट्रॉली ओढायला लावतात तो) बसणारा रॅक सगळ्यात मजबूत, पण आपल्याकडं किती गाड्यांना टो हुक असतो? म्हणून बहुतेक लोक मागच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा रॅकच घेतात, स्वस्त पडतो अन् घडी करून माळ्यावर टाकता येतो. फक्त एक समजून घ्या, याला गाडीत पिळलेला नट-बोल्ट नाही. सगळं काम पट्ट्यांच्या ताणावर चालतं, ताण आहे तोवर रॅक जागेवर आणि ताण गेला की रॅक गेला.

तर घ्यायच्या आधी रॅक बघू नका, गाडी बघा. डिक्कीच्या दाराच्या वरच्या कडेला हात फिरवा. तिथं पट्ट्याच्या टोकाचा हुक बसायला पत्र्याची कड पाहिजे. नुसती काच असेल किंवा प्लास्टिकचा स्पॉयलर (काचेच्या वर बाहेर आलेली पट्टी) असेल तर हुक तिथं अडकवायचा नाही म्हणजे नाही, स्पॉयलर दिसायला दणकट दिसतो पण तो शोभेचा असतो, त्यावर दोन सायकलींचं वजन आलं की तडकतो. बऱ्याच हॅचबॅकच्या टॉप मॉडेलला स्पॉयलर असतो अन् खालच्या मॉडेलला नसतो, म्हणून शेजारच्याच्या सेम गाडीला बसला म्हणून आपल्याला बसेलच असं नाही. कंपनीची गाड्यांची यादी असते, त्यात मॉडेल अन् साल दोन्ही जुळवून बघा. बोलेरो, थारसारख्या गाड्यांची स्टेपनी मागच्या दारावर असते, त्यांना हा रॅक नीट बसत नाही, त्यांच्यासाठी स्टेपनीवर बसणारे वेगळे रॅक मिळतात.

वजनाचं पण तसंच. दोन सायकलींच्या रॅकवर साधारण ३० किलोच्या आसपास लिमिट लिहिलेलं असतं, म्हणजे सायकलमागे १५. आपल्याकडच्या स्टीलच्या गियरवाल्या सायकली १६-१८ किलोच्या सहज भरतात अन् बाबांची जुनी काळी सायकल तर २० च्या वर. म्हणून ‘दोन सायकलींचा’ रॅक आहे तर दोन बसतीलच असं धरू नका, वजन करून बघा, नाही तर एकच न्या. बॅटरीवाली सायकल यावर टांगायचीच नाही, आणि कार्बन फ्रेम असेल तर आधी सायकलच्या कंपनीचं काय म्हणणं आहे ते वाचा.

आता बांधायचं कसं. सगळ्यात आधी फडकं ओलं करून दाराचा तो भाग पुसा, अन् रॅकच्या पायांचे रबर, फोम पण पुसा. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ बारीक असते, रबराखाली ती राहिली की गाडी हलेल तसं पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं, रंगाची वाट लागते. लोक रॅकला शिव्या देतात, पण बहुतेक ओरखडे धुळीचे असतात.

डिक्कीतलं सामान आत्ताच भरून घ्या, पाणी, पंक्चर किट, पंप, पोरांचे कपडे, सगळं. कारण रॅक बांधला की डिक्की उघडायची नाही. बऱ्याच सीएनजीवाल्यांना तसंही डिक्कीत काही ठेवायला जागा नसते म्हणा.

रॅकची घडी उघडून पायांचा अँगल रॅकसोबत आलेल्या पुस्तकात तुमच्या गाडीसाठी दिला असेल तसा लावा. सायकल टांगायच्या दांड्या आडव्या किंवा किंचित वर पाहिजेत, खाली झुकलेल्या नकोत. खालचे पाय बंपरवर किंवा खालच्या पत्र्यावर टेकतात, वरचे काही रॅकमध्ये काचेवर येतात, ते चालतं का नाही हे पण पुस्तकातच लिहिलेलं असतं. मग वरचे दोन हुक दाराच्या वरच्या कडेला अडकवा, रॅक हाताने धरूनच ठेवा, अन् पट्टे थोडे ओढा. नंतर खालचे दोन हुक दाराच्या खालच्या कडेला. शेवटी बाजूचे दोन. काही जण बाजूचे पट्टे सोडूनच देतात, खालीवर तर बांधलं ना म्हणून, पण वळणावर अन् घाटात रॅक डावीकडं उजवीकडं सरकायचा थांबतो तो याच पट्ट्यांनी, अन् तोरणमाळच्या रस्त्याला वळणं किती आहेत ते गेलेल्याला माहीत आहे.

ओढताना एका बाजूचा पूर्ण टाइट करून मग दुसरा असं करू नका, डावा थोडा, उजवा थोडा, असं सगळं फिरून परत वरून सुरू करा. झालं की रॅक दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. अख्खी गाडी हलली पाहिजे, रॅक एकटा हलला तर परत ओढा. पट्ट्यांची लोंबणारी टोकं बक्कलजवळ गाठ मारून बांधून टाका, नाही तर ती हायवेवर फडफडत राहतात, काच-रंग घासतात, अन् खाली चाकापर्यंत गेली तर अजून वेगळंच. कोणता पट्टा सायलेन्सरच्या तोंडासमोरून तर जात नाही ना, ते पण वाकून बघा.

सायकल चढवताना जड सायकल आधी, गाडीला चिकटून. तिची चेनची अन् गियरची बाजू गाडीकडं नको, बाहेर ठेवा, नाही तर ग्रीस अन् ओरखडे दोन्ही फुकटात मिळतील. दुसरी सायकल उलट तोंडाने लावा म्हणजे हँडल हँडलला भिडत नाही. सायकलीच्या मध्ये, अन् पायडल काचेकडं येत असेल तिथं, जुन्या चादरीची घडी नाही तर फोम लावा, आणि ते पण बांधून टाका. लेडीज सायकलीला अन् पोरांच्या बऱ्याच सायकलींना आडवा सरळ दांडा नसतो, त्यांच्यासाठी सीटपासून हँडलपर्यंत लावायचा एक जादा दांडा वेगळा मिळतो, तो घ्या. तिरकी टांगली तर चाक खाली लोंबतं.

पुढचं चाक मोकळं सोडू नका, ते वाऱ्याने फिरतं अन् सगळं हलवतं. फ्रेमला बांधायला पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबची पट्टी कापून घ्या, इतकी घट्ट अन् रंगाला सुखाची गोष्ट दुसरी नाही. टायर सायलेन्सरच्या मागे, जवळ येत असेल तर सायकल वर घ्या किंवा बाजूला सरकवा, गरम धुराने टायर वितळतो.

अजून एक, सायकलची लांबी १७०-१८० सेंटिमीटर असते, वॅगनआरची रुंदी १६२ अन् अल्टो के१० ची १४९. म्हणजे छोट्या गाडीला चाकं बाजूने बाहेर येणारच. गाडी निघेल पण सायकल बाजूच्या मोटरसायकलवाल्याला लागेल, सावदा-फैजपूरच्या बाजारातून जाताना हे विसरून चालत नाही. सोपा इलाज म्हणजे पुढचं चाक काढून डिक्कीत टाकणं, पण ते पण रॅक बांधायच्या आधीच. वजनही कमी होतं.

नंबर प्लेट, ब्रेक लाइट, इंडिकेटर मागून दिसतात का ते कोणाला तरी मागे उभं करून बघा. झाकलेली नंबर प्लेट म्हणजे पोलिसांना आयतं कारण. रॅकवर दुसरी प्लेट छापून लावायचा जुगाड नको, हाय सिक्युरिटी प्लेट आली तेव्हापासून तो चालत नाही, सायकलच वरखाली करून जागा काढा. मागचा वायपर चुकूनही चालू करायचा नाही, अन् रिव्हर्सचा सेन्सर पूर्ण वेळ ओरडत राहणार, त्यामुळे मागे घेताना एक जण खाली उतरलेला बरा.

निघाल्यावर १०-१५ किलोमीटरवर थांबाच. पट्टे बसतात, पॅड दबतात, पहिल्या थोड्या अंतरातच ढिलाई येते अन् ती ओढून घेतली की पुढं बरंच चालतं. पण खराब रस्ता लागला, गावोगावचे स्पीड ब्रेकर लागले की परत एकदा बघा, चहाला थांबलो की आधी पट्टे अन् मग चहा. स्पीड ब्रेकरवर पहिल्या गियरमध्ये उतरायचं, मागचं चाक आपटलं की सगळा झटका वरच्या दोन हुकांवर येतो. स्पीडचं पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, मी ७०-८० च्या वर जात नाही, ट्रकने ओव्हरटेक केल्यावर वारा कसा ढकलतो ते आरशात दिसतंच.

ढाब्यावर गाडी दिसेल अशीच लावा. पट्टा बक्कल दाबून सुटतो, कुलूपबिलूप काही नसतं, म्हणून एक लांब केबल लॉक दोन्ही सायकलींतून अन् रॅकमधून ओवून घ्या. रात्रभर गाडीवर सायकली सोडायच्याच नाहीत.

अन् पोचल्यावर रॅक काढून ठेवा, भो. एप्रिल-मे मधे आपल्याकडं पारा ४५ च्या घरात जातो, उभ्या गाडीचा पत्रा त्याहून तापतो, रबर मऊ होऊन रंगाला चिकटतं अन् उन्हात पट्टे पण दर सीझनला कमजोर होत जातात. काढताना सायकली आधी, मग बाजूचे पट्टे, मग खालचे, वरचे सगळ्यात शेवटी, तेव्हा रॅक एका हाताने धरलेला पाहिजे. घरी आल्यावर पट्टे झटकून सावलीत वाळवा, शिवण उसवली आहे का, हुकवरचं रबर निघालं आहे का ते बघा. तसं असेल तर पट्टा बदलून घ्या, घरी सुईदोऱ्याने शिवू नका.