कोंबडीचा फोटो काढायचा तर आधी खाली बसा

उभ्याने काढलेल्या कोंबडीच्या फोटोत तिची पाठ आणि आपल्या चपला, एवढंच येतं. त्यातून डोक्यावर काही झेपावल्यासारखं दिसलं की तिला घारच वाटते, मग ती सरळ खुराड्यात. म्हणून अंगणात जुनं पोतं टाका, त्यावर बसा आणि मोबाईल जमिनीपासून दीड वीत वर, तिच्या डोळ्याच्या रेषेत धरा. पहिली दहा मिनिटं फोटो काढूच नका. तुमची तिला सवय होऊ द्या.

वेळ महत्त्वाची, आणि नागपुरात तर फारच. मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, आठपर्यंत अंगण पांढरंफटक पडतं. तेवढ्यात काम उरकायचं. दुपारी कोंबडी चोच उघडून धापा टाकत असेल, पंख अंगापासून सैल सोडले असतील, तर तिला पाणी द्या, फोटो राहू द्या. कडुनिंबाखालची सावली दिसायला छान, पण पानांतून झिरपणारे उन्हाचे ठिपके पिसांवर डाग होऊन बसतात. त्यापेक्षा भिंतीची सलग सावली बरी.

बसण्याआधी मागे काय आहे ते बघा. कूलरचा स्टँड, निळा ड्रम, दोरीवरचा टॉवेल. हलवता येईल ते हलवा, नाही तर स्वतः दोन पावलं सरका.

आता दाणे. मी सुरुवातीला मूठभर ज्वारी फेकायचो आणि घरी येऊन बघायचो तर पन्नास फोटोंत पन्नास वाकलेल्या माना! दोन-चारच दाणे टाका आणि थांबा. ते संपले की कोंबडी मान वर करून तुमच्याकडे बघते. तोच तुमचा फोटो.

चालताना ती मान झटक्याने पुढे टाकते, मग अंग पुढे येईपर्यंत डोकं जागच्या जागी स्थिर ठेवते. बटण त्या थांब्यात दाबायचं. पण तो थांबा डोळ्याने पकडणं कठीण, म्हणून मोबाईलवर बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ भराभर फोटो काढायची सोय, वापरा. कॅमेरा असेल तर शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. बसलेल्या कोंबडीला १/२५० पुरतं. फोकस डोळ्यावर. शेपूट धूसर झाली तरी चालते, डोळा नाही.

उजेडाचा घोळ रंगाने होतो. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर चौकटीत दिसेल ते सरासरी राखाडी आहे असंच धरून चालतं. झाबुआचा काळाकुट्ट कडकनाथ कोंबडा चौकटभर घेतलात तर तो धुरकट येतो, तेव्हा कॅमेऱ्यात उजेड (एक्स्पोजर) कमी करायचा. पांढरी कोंबडी चौकटभर असेल तर उलट, थोडा वाढवायचा. पण तीच पांढरी कोंबडी गडद भिंतीपुढे लहानशी दिसत असेल तर पिसं जळून नुसता पांढरा ठिपका उरतो, तिथे परत कमी करा. मोबाईलच्या पडद्यावर कोंबडीच्या डोळ्यावर बोट दाबून धरलं की फोकस लॉक होतो, मग बोट खाली सरकवून उजेड उतरवायचा. फ्लॅश नकोच.

हाच हिशेब गोठ्यात. नागपुरी म्हशीची तलवारीसारखी लांब शिंगं मागे खांद्यापर्यंत जातात. समोरून घेतली तर ती दिसतच नाहीत, बाजूने घ्या. मागून मात्र जाऊ नका, लाथ बसते. पोळ्याला सजवलेले बैल गर्दीने आधीच बिचकलेले असतात, मालकाला विचारूनच जवळ जा. हात बसवायचा असेल तर दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा उत्तम, लाकडी बैल काही हलत नाहीत.

धुळीत अंघोळ करणारी कोंबडी दिसली तर मात्र सगळं सोडून तिकडे वळा. पंख फडफडतात, धूळ उडते, मागून तिरपं ऊन असेल तर ती धूळ सोनेरी दिसते. नंतर लेन्स दुपट्ट्याने घासू नका. आधी लेन्सच्या फुंकणीने (ब्लोअरने) धूळ उडवा, मग मऊ कापड.